प्रीमियमवरचा इन्व्हेस्टमेंट ट्रस्ट घ्यावा की ओपन-एंडेड फंड? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रिटनमध्ये स्थिरावलेल्या मराठी माणसाची गुंतवणूक बहुधा ठरलेल्या क्रमाने सुरू होते. आधी कॅश आयसा (करमुक्त बचत खातं), मग एखादा इंडेक्स फंड, आणि दोन-तीन वर्षांनी ऑफिसातलं किंवा मंडळातलं कुणीतरी इन्व्हेस्टमेंट ट्रस्टचं नाव सुचवतं. भारतात म्युच्युअल फंड हाताळलेले असल्यामुळे हेही तसंच काहीतरी असेल असं वाटतं, आणि मग किमतीच्या शेजारी छापलेला ‘प्रीमियम’ हा आकडा दुर्लक्षितच राहतो. खालचे बहुतेक प्रश्न त्या एका आकड्याभोवती फिरतात. उत्तरं सर्वसाधारण माहिती म्हणून दिली आहेत, कुणा एकासाठी सल्ला म्हणून नाहीत. जिथे माझं मत आहे तिथे तसं सांगितलं आहे.

इन्व्हेस्टमेंट ट्रस्ट म्हणजे म्युच्युअल फंडच ना?

नाही. इन्व्हेस्टमेंट ट्रस्ट ही लंडन स्टॉक एक्स्चेंजवर नोंदलेली कंपनी असते. तिचा धंदा एवढाच, की भागधारकांचे पैसे दुसरीकडे गुंतवायचे. तिला संचालक मंडळ असतं, वार्षिक सभा असते, ती कर्जही काढू शकते. ही कल्पना जुनी आहे: फॉरिन अँड कलोनियल हा पहिला ट्रस्ट १८६८ सालचा आणि तो आजही चालू आहे. स्कॉटिश मॉर्गेज या दुसऱ्या नावाजलेल्या ट्रस्टचा जन्म १९०९ चा.

तुमच्या-आमच्या दृष्टीने खरा फरक शेअर्सच्या संख्येत आहे. ओपन-एंडेड फंडात तुम्ही पैसे भरलेत की फंड तुमच्यासाठी नवीन युनिट तयार करतो आणि पैसे मागितलेत की युनिट रद्द करतो. त्यामुळे भाव नेहमी एनएव्हीला, म्हणजे कर्ज वजा जाता एका युनिटच्या वाट्याला येणाऱ्या मालमत्तेच्या किमतीला, चिकटलेला राहतो. ट्रस्टचे शेअर्स मात्र मोजके असतात. तुम्हाला हवा असेल तर कुणीतरी विकायला हवा. मागणी वाढली की भाव एनएव्हीच्या वर जातो, मागणी आटली की खाली येतो. वर गेला तर प्रीमियम, खाली आला तर डिस्काउंट.

प्रीमियम येतो तरी कुठून? १०० पेन्सच्या वस्तूला लोक ११५ का देतात?

कारणं चार-पाच आहेत आणि सगळीच वेडेपणाची नाहीत.

पहिलं, लाभांश. ज्यांना निवृत्तीनंतर दर तिमाहीला पैसे हवे असतात, त्यांना एनएव्हीशी फारसं देणंघेणं नसतं, ते यील्ड, म्हणजे भावाच्या मानाने मिळणारा लाभांश, बघतात. हेंडरसन फार ईस्ट इन्कम हे त्याचं उत्तम उदाहरण. भांडवलाची वाढ कित्येक वर्षं यथातथाच, तरी घसघशीत लाभांशामुळे शेअर अनेकदा प्रीमियमवर.

दुसरं, व्यवस्थापकाचं नाव. तिसरं, अशी मालमत्ता जी सामान्य माणसाला दुसऱ्या मार्गाने मिळतच नाही, उदाहरणार्थ खाजगी कंपन्या, रुग्णालयांच्या इमारती, पवनचक्क्या.

चौथं कारण जरा खोलात जायला लावणारं आहे: बाजाराला वाटतं की जाहीर झालेली एनएव्हीच कमी धरलेली आहे. थ्रीआय ग्रुपचं घ्या. या कंपनीच्या पोटात ॲक्शन नावाची युरोपातली स्वस्त मालाची दुकान-साखळी आहे आणि तिचं मूल्य थ्रीआय स्वतःच ठरवते. २०२५ मध्ये शेअर एनएव्हीच्या ५० टक्क्यांहूनही वर होता. नोव्हेंबरमध्ये अर्धवार्षिक निकालांच्या वेळी कंपनीने जरा सावध सूर लावला आणि एका दिवसात शेअर १५ टक्क्यांहून जास्त आपटला. दुकानं तीच, गिऱ्हाइकं तीच. बाजाराने बांधलेल्या अंदाजातली हवा तेवढी कमी झाली.

माझ्या ॲपवर भारताच्या ट्रस्टपुढे ‘४ टक्के प्रीमियम’ दिसतंय. ते खरं आहे का?

कदाचित नाही. तुलना कोणत्या दोन आकड्यांची चालली आहे ते आधी बघा.

ट्रस्ट रोज सकाळी बाजाराला एनएव्ही कळवतो. त्या निवेदनात तारीख आदल्या दिवसाची असते. ॲप ती कालची एनएव्ही घेतं आणि आजच्या, आत्ताच्या भावाशी लावून टक्केवारी काढतं. ब्रिटिश शेअर्सच्या ट्रस्टमध्ये याने फार बिघडत नाही. भारताच्या बाबतीत बिघडतं, कारण लंडनचा बाजार सकाळी ८ ला उघडतो तेव्हा उन्हाळ्यात मुंबईत दुपारचे साडेबारा झालेले असतात. अर्ध्याहून जास्त व्यवहार उरकलेले असतात. मुंबईचा बाजार साडेतीनला बंद होतो, म्हणजे लंडनचे ११.

४ जून २०२४ आठवा, लोकसभेच्या मतमोजणीचा दिवस. आदल्या दिवशी एक्झिट पोलच्या जोरावर निफ्टी तीन टक्क्यांहून जास्त चढला होता आणि त्या दिवशी जवळपास सहा टक्के कोसळला. त्या सकाळी लंडनमध्ये बसून ३ जूनच्या एनएव्हीशी ताजा भाव ताडून पाहणाऱ्याला कुठलाही भारतीय ट्रस्ट मोठ्या डिस्काउंटवर दिसला असता. प्रत्यक्षात ती एनएव्ही केव्हाच शिळी झाली होती. बाजार उसळतो तेव्हा नेमकं उलट होतं, नसलेला प्रीमियम दिसतो.

इन्फ्रास्ट्रक्चर किंवा प्रायव्हेट इक्विटीच्या ट्रस्टमध्ये तर एनएव्ही तीन किंवा सहा महिन्यांतून एकदा येते. तिथे प्रीमियमचा आकडा दशांश चिन्हासकट छापलेला असला तरी अंदाज म्हणूनच वाचावा. एका दिवसाचा आकडा सोडून द्या, वर्षभराची सरासरी पाहा.

१५ टक्के प्रीमियमने असं काय बिघडतं? ट्रस्ट चांगला असेल तर भरून निघेलच की.

हिशेब करून बघू. एनएव्ही १०० पेन्स, तुम्ही शेअर घेतला ११५ ला. व्यवस्थापकाने उत्तम काम केलं, एनएव्ही वर्षाला ७ टक्क्यांनी वाढली आणि पाच वर्षांनी १४० झाली. लाभांश तूर्त बाजूला ठेवू.

प्रीमियम जसाच्या तसा टिकला तर शेअर १६१ ला असेल आणि तुम्हालाही वर्षाला ७ टक्के सुटतील. प्रीमियम शून्यावर आला तर ११५ चे १४०, म्हणजे वर्षाला जेमतेम ४ टक्के. आणि शेअर १० टक्के डिस्काउंटवर गेला तर हातात १२६, म्हणजे वर्षाला २ टक्केसुद्धा नाहीत. व्यवस्थापक तोच, त्याने निवडलेले शेअर्स तेच.

वाईट दिवसांत हे आणखी बोचतं. बाजार २० टक्के पडला की एनएव्ही १०० ची ८० होते. अशा वेळी प्रीमियम सहसा टिकत नाही, तो बरेचदा डिस्काउंटमध्ये जातो. १० टक्के डिस्काउंट धरला तर भाव ७२. ओपन-एंडेड फंडवाल्याचं नुकसान २० टक्के, तुमचं ३७.

सोन्याच्या दागिन्याच्या घडणावळीसारखंच हे आहे: घेताना मोजायची, मोडताना कुणी परत देईल याची खात्री नाही. आणि लाभांशासाठी घेत असाल तरी लक्षात ठेवा, एनएव्हीवर ४ टक्के यील्ड देणारा ट्रस्ट ११५ च्या भावाला साडेतीन टक्केच देतो.

पण काही ट्रस्ट वर्षानुवर्षं प्रीमियमवर असतात. मग भीती कसली?

लिंडसेल ट्रेन इन्व्हेस्टमेंट ट्रस्टची गोष्ट या प्रश्नाचं उत्तर देते.

२००१ मध्ये १०० पौंडांना एक शेअर अशा भावाने हा छोटासा ट्रस्ट सुरू झाला. त्याचं वेगळेपण असं की लिंडसेल ट्रेन या व्यवस्थापन कंपनीचाच सुमारे पाव हिस्सा ट्रस्टच्या मालकीचा होता. कंपनी नोंदलेली नाही, त्यामुळे बाहेरच्या माणसाला तिचा तुकडा मिळवायचा तर हा ट्रस्ट हा एकच रस्ता. या कंपनीचे फंड व्यवस्थापक निक ट्रेन यांच्या फंडांत पैसा ओतला जाऊ लागला, व्यवस्थापन कंपनी फोफावली, आणि तो हिस्सा ट्रस्टच्या मालमत्तेच्या निम्म्याच्या आसपास पोचला. ‘मूल्यांकनाचं सूत्र जुनाट आहे, खरी किंमत याहून जास्त आहे’ असं सगळे म्हणू लागले आणि २०१९ च्या उन्हाळ्यात शेअरचा भाव एनएव्हीच्या दुपटीच्या आसपास गेला.

गंमत म्हणजे ट्रेन स्वतः वर्षानुवर्षं सांगत होते की इतका प्रीमियम देऊन शेअर घेणं शहाणपणाचं नाही. व्यवस्थापक स्वतः ‘घेऊ नका’ म्हणतोय आणि लोक घेतायत, असं दृश्य गुंतवणुकीच्या धंद्यात क्वचितच बघायला मिळतं.

त्याच जूनमध्ये वुडफर्ड प्रकरण घडलं (त्याबद्दल पुढे), नावाजलेल्या व्यवस्थापकांवरचा विश्वास एकदम डळमळला आणि काही महिन्यांत हा प्रीमियम निम्म्याहूनही खाली आला. एनएव्ही त्या काळात फारशी हललेली नव्हती. पुढे तर तोच ट्रस्ट डिस्काउंटवर गेला. वर्षानुवर्षं टिकलेल्या प्रीमियमचा भूतकाळ त्या वेळी कुणाच्याही उपयोगाला आला नाही.

आणि नेहमीच्या शेअर्सपुरतं बोलायचं तर त्याच ट्रेन यांचा ओपन-एंडेड यूके इक्विटी फंड तेव्हाही एनएव्हीलाच मिळत होता.

इन्फ्रास्ट्रक्चर ट्रस्टचं काय? तिथे तर सरकारी करार असतात.

करार पक्के होते, प्रीमियम नव्हता. एचआयसीएलसारखे ट्रस्ट २०१० नंतरच्या दशकात दोन अंकी प्रीमियमवर सर्रास चालत. बँकेत व्याज नाही, रोखे काही देत नाहीत, मग महागाईशी बांधलेल्या उत्पन्नासाठी लोक जास्तीचे पैसे आनंदाने मोजत. पहिला धक्का २०१७-१८ मध्ये बसला: मजूर पक्षाची राष्ट्रीयीकरणाची भाषा आणि जानेवारी २०१८ मध्ये कॅरिलियन या बांधकाम कंपनीचं बुडणं. त्यातून सावरले. दुसरा धक्का मोठा होता. डिसेंबर २०२१ मध्ये ०.१ टक्क्यावर असलेला बँक ऑफ इंग्लंडचा दर ऑगस्ट २०२३ पर्यंत ५.२५ टक्क्यांवर गेला. सरकारी रोखाच घसघशीत व्याज देऊ लागल्यावर या ट्रस्टसाठी जादा कोण मोजणार? प्रीमियम गेला आणि २० टक्क्यांच्या पुढचे डिस्काउंट आले.

याला ओपन-एंडेड पर्याय मात्र नावापुरताच आहे. इन्फ्रास्ट्रक्चर नावाचे फंड मुख्यतः वीज, पाणी, रेल्वे अशा नोंदलेल्या कंपन्यांचे शेअर्स घेतात. शाळेच्या इमारतीचा तीस वर्षांचा करार आणि वीज कंपनीचा शेअर या निराळ्या गोष्टी आहेत.

म्हणजे प्रीमियम दिसला की हात आखडायचा?

तसंही नाही. एक-दोन टक्क्यांवर मी वेळ घालवत नाही. सिटी ऑफ लंडन ट्रस्ट १९६६ पासून दरवर्षी लाभांश वाढवत आला आहे, आणि बरेचदा एखाद-दोन टक्के वर चालतो. मागणी वाढली की तो नवे शेअर्स काढतो आणि प्रीमियम तिथेच दाबला जातो. हे जुन्या भागधारकांच्याही फायद्याचं, कारण नवे शेअर्स एनएव्हीपेक्षा किंचित जास्त भावाने जातात आणि तो फरक ट्रस्टच्या तिजोरीत पडतो.

पर्सनल ॲसेट्स आणि कॅपिटल गिअरिंग हे दोन ट्रस्ट तर भाव एनएव्हीजवळ ठेवायचं धोरणच राबवतात. वर गेला की शेअर्स विकतात, खाली आला की परत घेतात. अशा ठिकाणी प्रीमियमची चिंता जवळपास मिटलेली असते.

म्हणून आकड्याआधी हे विचारा: संचालक मंडळ प्रीमियम रोखण्यासाठी काही करतं का? करत असेल तर दोन-तीन टक्के ठीक. करू शकत असूनही करत नसेल, किंवा मालमत्ताच अशी असेल की नवे शेअर्स काढून आलेला पैसा कुठे लावायचा हा प्रश्न पडावा, तर पाच टक्क्यांपुढे मी पर्याय शोधायला लागतो. दहाच्या पुढे मी ट्रस्ट घेत नाही. ही माझी स्वतःपुरती आखलेली रेघ आहे, कुठल्या पुस्तकातला नियम नव्हे.

ओपन-एंडेड जुळा भाऊ कसा शोधायचा?

व्यवस्थापन कंपनीच्या वेबसाइटवर त्याच व्यवस्थापकाचं नाव दुसऱ्या कुठल्या फंडावर आहे ते पाहा. बहुतेकदा सापडतं. पर्सनल ॲसेट्सला ट्रोजन फंड, कॅपिटल गिअरिंगला सीजी ॲब्सोल्यूट रिटर्न, फिन्सबरी ग्रोथ अँड इन्कमला लिंडसेल ट्रेन यूके इक्विटी, फिडेलिटी स्पेशल व्हॅल्यूजला फिडेलिटी स्पेशल सिच्युएशन्स, पोलर कॅपिटल टेक्नॉलॉजी ट्रस्टला त्याच घराचा ग्लोबल टेक्नॉलॉजी फंड. बेली गिफर्डच्या शिन निप्पॉनला त्यांचाच जपानी छोट्या कंपन्यांचा फंड आहे. शिन निप्पॉन एके काळी प्रीमियमवर होता आणि नंतर चांगलाच डिस्काउंटवर घसरला. जुळा फंडही पडला, पण तिथे प्रीमियम गमावण्याचा वेगळा फटका बसला नाही.

स्मिथसन हे आणखी बोलकं उदाहरण. ऑक्टोबर २०१८ मध्ये ८२ कोटी २५ लाख पौंड उभारून हा ट्रस्ट आला, तोपर्यंतचा ब्रिटनमधला सर्वांत मोठा आरंभ. तीन वर्षं मागणी एवढी की तो प्रीमियमवरच असे आणि नवे शेअर्स काढत राही. २०२२ पासून डिस्काउंट. २०२५ च्या अखेरीस संचालकांनी ट्रस्टलाच ओपन-एंडेड फंडात बदलण्याचा प्रस्ताव मांडला. तेव्हा जुळा फंड नव्हता. शेवटी ट्रस्टवरच फंड होण्याची वेळ आली.

जुळे असले तरी ते हुबेहूब सारखे असतात का?

नाही. ट्रस्ट कर्ज काढून गुंतवू शकतो, त्यामुळे चढत्या बाजारात पुढे जातो आणि पडत्या बाजारात जास्त पडतो. ट्रस्टला खाजगी कंपन्या मोठ्या प्रमाणात ठेवता येतात, सर्वसाधारण ओपन-एंडेड फंडाला अशा मालमत्तेची १० टक्क्यांची मर्यादा आहे. ट्रस्ट चांगल्या वर्षी उत्पन्नाचा १५ टक्क्यांपर्यंत भाग राखून ठेवू शकतो आणि वाईट वर्षी त्यातून लाभांश देतो. सिटी ऑफ लंडनच्या सलग वाढीमागे ही राखीव गंगाजळी आहे. फंडाला वर्षाचं उत्पन्न वर्षातच वाटावं लागतं.

खर्चाचंही बघा. ब्रिटनमध्ये नोंदलेल्या ट्रस्टच्या खरेदीवर अर्धा टक्का स्टॅम्प ड्युटी, शिवाय दलाली आणि खरेदी-विक्रीच्या भावातला फरक. फंडात स्टॅम्प ड्युटी नाही. उलट ट्रस्टचं वार्षिक शुल्क अनेकदा फंडापेक्षा कमी असतं, आणि काही प्लॅटफॉर्मवर ट्रस्ट ठेवायचा वार्षिक आकार ठराविक रकमेवर थांबतो, फंडाचा थांबत नाही. मोठी रक्कम वीस वर्षं ठेवायची असेल तर दोन-तीन टक्के प्रीमियम यातच वसूल होऊ शकतो. महिन्याला शंभर पौंड घालणाऱ्याने आधी दलाली मोजावी.

मग ओपन-एंडेड फंडच सुरक्षित म्हणायचा?

भावाच्या बाबतीत हो. दरवाजाच्या बाबतीत नाही.

नील वुडफर्ड यांचा इक्विटी इन्कम फंड हा ओपन-एंडेड होता. एके काळी दहा अब्ज पौंडांवर गेलेला हा फंड २०१९ पर्यंत ३.७ अब्जांवर आला होता, आणि त्यात सहज न विकल्या जाणाऱ्या कंपन्यांचं प्रमाण वाढत चाललं होतं. केंट काउंटी कौन्सिलने आपल्या पेन्शन फंडाचे सुमारे २६ कोटी पौंड परत मागितले आणि ३ जून २०१९ ला फंडाने व्यवहार थांबवले. तो पुन्हा उघडलाच नाही. ऑक्टोबरमध्ये गाशा गुंडाळण्याचा निर्णय झाला आणि लोकांना पैसे हप्त्याहप्त्याने, पुढची काही वर्षं मिळत राहिले.

त्याच वुडफर्ड यांचा पेशंट कॅपिटल हा ट्रस्टही होता, २०१५ मध्ये ८० कोटी पौंडांनी सुरू झालेला आणि सुरुवातीला प्रीमियमवर चाललेला. त्याची पडझड भयंकर झाली. पण त्याचा बाजार एक दिवसही बंद झाला नाही. पडेल त्या भावाला का होईना, विकून बाहेर पडता येत होतं.

मालमत्ता फंडांचंही तेच. जुलै २०१६ मध्ये ब्रेक्झिटच्या कौलानंतर स्टँडर्ड लाइफ, अविवा, एम अँड जी या सगळ्यांच्या इमारतींच्या फंडांना कुलूप लागलं. मार्च २०२० मध्ये पुन्हा तोच प्रकार. इमारत एका दिवसात विकता येत नाही आणि युनिट एका दिवसात परत मागता येतं, हा मेळ बसणारा नव्हताच.

तेव्हा मालमत्ता रोज विकता येण्यासारखी असेल, म्हणजे मोठ्या कंपन्यांचे शेअर्स, रोखे, तर प्रीमियम मोजण्याऐवजी जुळा फंड घ्यावा. मालमत्ता सहज विकता न येणारी असेल तर ट्रस्टच बरा, पण प्रीमियम उतरेपर्यंत थांबून. २०२२ नंतर तर बहुतेक ट्रस्ट डिस्काउंटवरच आहेत, त्यामुळे थांबायला फार धीर लागत नाही.

मला भारतातच पैसे लावायचे आहेत. इथून कुठला मार्ग?

ब्रिटनचे करदाते असाल तर भारतातले म्युच्युअल फंड इथून सुरू ठेवताना सांभाळा. बहुतेक भारतीय योजनांना ब्रिटिश करखात्याचा ‘रिपोर्टिंग फंड’ हा दर्जा नसतो, आणि मग विक्रीवरचा नफा भांडवली नफा न धरता साधं उत्पन्न धरला जातो. पगारावर ४० टक्के भरणाऱ्याला हे चांगलंच लागतं. (दीर्घ काळ ब्रिटनबाहेर राहून नव्याने आलेल्यांना एप्रिल २०२५ पासून पहिल्या चार वर्षांसाठी परदेशी उत्पन्नावर सवलत आहे, ती लागू होते का ते अकाउंटंटला विचारा.) आयसामध्ये लंडनचा ट्रस्ट किंवा इथला फंड घेतला की ही भानगड उरत नाही.

ट्रस्टमध्ये अशोका इंडिया इक्विटी हे नाव प्रीमियमच्या संदर्भात हमखास निघतं. जुलै २०१८ मध्ये सुरू झाला, गुंतवणुकीचं काम मुंबईतल्या व्हाइटओक कॅपिटलचं, तिचे संस्थापक प्रशांत खेमका. ठरलेलं व्यवस्थापन शुल्क शून्य, निर्देशांकाला मागे टाकलं तरच मोबदला. शिवाय वर्षातून एकदा एनएव्हीच्या जवळपास पैसे परत घेण्याची सोय. तळाला असा आधार असल्यामुळे तो अनेकदा किंचित प्रीमियमवर राहिला. त्याच वेळी जेपी मॉर्गनचा १९९४ सालचा भारतीय ट्रस्ट बराच काळ दोन अंकी डिस्काउंटवर मिळत असे. व्हाइटओकचाच आयर्लंडमध्ये नोंदलेला ओपन-एंडेड फंडही आहे. नुसता निर्देशांक हवा असेल तर लंडनवर भारताचे ईटीएफ (शेअरसारखे बाजारात विकले जाणारे फंड) आहेत.

यातलं काहीही घेतलंत तरी भारताचा भांडवली नफा कर चुकत नाही. जुलै २०२४ पासून दीर्घकालीन नफ्यावर १२.५ आणि अल्पकालीन नफ्यावर २० टक्के. तो फंडाच्या आतच कापला जातो आणि एनएव्हीतून वजा होतो. त्यामुळे हे फंड निर्देशांकाच्या मागे दिसले तर सगळा दोष व्यवस्थापकाच्या माथी मारू नका.

भारतातल्या आई-बाबांना हा प्रीमियमचा त्रास नसेल ना?

आहे की. फेब्रुवारी २०२२ मध्ये म्युच्युअल फंडांची परदेशात गुंतवण्याची ७ अब्ज डॉलरची एकूण मर्यादा भरत आली आणि सेबीने नवे पैसे घेणं थांबवायला लावलं. पुढे परदेशी निर्देशांकांच्या ईटीएफची वेगळी मर्यादाही भरत आली. नवी युनिट निघेनात, मग एनएसईवर नॅस्डॅकसारखे ईटीएफ एनएव्हीच्या बरेच वर विकले जाऊ लागले. म्हणजे नाव ईटीएफ, वागणं क्लोज-एंडेड (मोजक्या शेअर्सच्या) ट्रस्टचं. ऑक्टोबर २०२५ मध्ये दिवाळीच्या तोंडावर चांदीचा तुटवडा पडला तेव्हा सिल्व्हर ईटीएफही असेच फुगले, आणि काही फंड घराण्यांनी चांदीच्या फंड-ऑफ-फंडात एकरकमी पैसे घेणं थांबवलं, कारण तो पैसा फुगलेल्या भावालाच ईटीएफमध्ये गेला असता. त्यांनी ते योग्यच केलं.

बाबांच्या पिढीला विचाराल तर जानेवारी १९९४ मधला मॉर्गन स्टॅनले ग्रोथ फंड आठवेल. दहा रुपयांचं युनिट, पंधरा वर्षांची मुदत, अर्जांसाठी रांगा आणि वाटप होण्याआधीच काळ्या बाजारात प्रीमियम. नंतर तो वर्षानुवर्षं डिस्काउंटवर पडून राहिला आणि २००९ मध्ये ओपन-एंडेड झाला.

रस्त्यांचे आणि विजेच्या तारांचे ‘इन्व्हिट’ हा आणखी वेगळा प्रकार. नावात ट्रस्ट आहे आणि बाजारात भाव एनएव्हीच्या वरखाली होतो एवढंच साम्य.

नवा ट्रस्ट सुरू होतानाच घेतला तर प्रीमियम टळेल ना?

उलट तिथे तो बहुधा आधीच मोजलेला असतो. १०० पेन्सला शेअर, त्यातून खर्च वजा जाता एनएव्ही साधारण ९८. पहिल्याच दिवशी दोन टक्के प्रीमियम. अपवाद असतात, पण माहितीपत्रकातला खर्चाचा परिच्छेद वाचल्याशिवाय पैसे भरू नका.

माझ्याकडे ट्रस्ट आधीपासून आहे आणि तो आता १२ टक्के प्रीमियमवर गेलाय. विकू का?

आयसा किंवा सिपमध्ये (SIPP, म्हणजे स्वतः सांभाळायची पेन्शन; भारतातली महिन्याची एसआयपी नव्हे) असेल आणि जुळा फंड उपलब्ध असेल, तर अदलाबदल करायला काहीच हरकत नाही. कर नाही, गुंतवणूक जवळपास तीच, वरचे १२ टक्के खिशात. खर्च काय तो विक्रीच्या दलालीचा.

बाहेर असेल तर भांडवली नफा कर मोजा: वर्षाला ३,००० पौंड माफ, त्यावर १८ किंवा २४ टक्के. जुना नफा मोठा असेल तर कर भरून प्रीमियम काढण्यात राम नसतो. तीन हजारांच्या आत बसेल एवढेच शेअर्स ५ एप्रिलपर्यंत आणि उरलेले नंतर, असं दोन करवर्षांत विभागता येतं. तीस दिवसांत तोच शेअर परत घेण्यावरचा नियम इथे आडवा येत नाही, कारण जुळा फंड हा कायद्याच्या दृष्टीने वेगळाच कागद आहे.

लाभांश आपोआप त्याच ट्रस्टमध्ये गुंतवला जात असेल तर ती सूचना तूर्त बंद करा. दर तिमाहीला प्रीमियम देऊन थोडे थोडे शेअर्स घेतले जातायत हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही.

खरे आकडे कुठे बघायचे?

असोसिएशन ऑफ इन्व्हेस्टमेंट कंपनीज या संघटनेच्या वेबसाइटवर प्रत्येक ट्रस्टचा प्रीमियम किंवा डिस्काउंट, त्याचा इतिहास आणि कर्जाचं प्रमाण फुकट मिळतं. रोजच्या निवेदनात दोन-तीन एनएव्ही एकाखाली एक दिलेल्या दिसतील. त्यातली उत्पन्न धरून काढलेली आणि कर्ज बाजारभावाने मोजलेली एनएव्ही तुलनेसाठी घ्या. नवे शेअर्स काढल्याची निवेदनं त्याच यादीत असतात. गेल्या महिन्यात अशी किती आली हे चाळलंत की मंडळ प्रीमियमबद्दल काही करतंय की नाही ते दोन मिनिटांत कळतं.